वर्णांचे करण आणि मस्तिष्क तंत्रिका

मराठी वर्णमालेतील वर्गीय व्यंजने कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य व ओष्ठ्य अशा पाच वर्गांत मांडलेली असतात, हे शाळकरी विद्यार्थ्यासही ठाऊक असते. ही मांडणी उच्चारस्थानावर आधारलेली आहे. परंतु स्थान स्वतः काहीच करीत नाही. दात हलत नाहीत, कठोर टाळू हलत नाही. हलते ती जीभ आणि हलतात ते ओठ. प्रातिशाख्यकारांनी हा भेद नेमका ओळखला होता. जेथे स्पर्श होतो ते 'स्थान' आणि जो चल अवयव स्पर्श घडवितो ते 'करण', अशी दोन निराळी नावे त्यांनी योजिली. पुढील काळात स्थानाचा विचार जितका रुळला तितका करणाचा रुळला नाही. करणाला चालना कोण देते, हा त्यापुढचा प्रश्न तर शरीरशास्त्राच्या स्वाधीन करून भाषेचा अभ्यासक बहुधा मोकळा होतो.

या प्रश्नाचे उत्तर मस्तिष्क तंत्रिकांच्या अभ्यासात मिळते. व्यवहारात ज्यांना मज्जातंतू म्हणतात, त्यांपैकी जे मेंदूपासून निघून थेट कवटीच्या छिद्रांवाटे बाहेर पडतात त्यांना ही संज्ञा आहे. त्यांची रचना व कार्य ध्यानात घेतले असता असे दिसून येते की, वर्णमालेचा तक्ता ज्या रेषांनी आखला आहे त्याहून निराळ्या रेषांनी निसर्गाने उच्चाराच्या कामाची वाटणी केली आहे. निरोगी माणसाच्या बोलण्यात ही वाटणी जाणवत नाही. एखादी तंत्रिका निकामी झाली म्हणजे मात्र ती उघडी पडते. आणि अशा वेळी ती ओळखता येणे हे केवळ विद्वत्तेचे काम राहात नाही.

१. गणना व रचना

मस्तिष्क तंत्रिकांच्या १२ जोड्या मानल्या जातात. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेनने सात जोड्या मोजल्या होत्या. इंग्लंडमध्ये थॉमस विलिस याने १६६४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ही गणना सुधारली आणि आज रूढ असलेली बारांची गणना जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ सॅम्युएल थॉमस सॉमरिंग याने १७७८ साली मांडली. संख्येतील हा फरक मुख्यतः एकत्र धावणाऱ्या दोरांना एक मानावे की दोन, या प्रश्नामुळे पडला. एखाद्या भाषेतील वर्णसंख्या ठरविताना दोन ध्वनी एकाच वर्णाचे भेद मानावेत की स्वतंत्र वर्ण मानावेत, असा जो प्रश्न भाषाशास्त्रज्ञापुढे उभा राहतो, त्याच्याशी याचे साम्य सहज लक्षात येईल. दोन्हीकडे उत्तर कार्यावरून द्यावे लागते.

तंत्रिकांचे क्रमांक मेंदूच्या पुढील बाजूकडून मागे असे दिले जातात. पहिली गंध तंत्रिका व दुसरी दृक् तंत्रिका या अग्रमस्तिष्काशी निगडित आहेत. गर्भविज्ञानाच्या दृष्टीने दृक् तंत्रिका हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग होय. उरलेल्या बहुतेक सर्व तंत्रिकांचा उगम मस्तिष्कस्तंभात आहे. तिसरी व चौथी मध्यमस्तिष्कातून निघतात, पाचवी सेतूतून, सहावी, सातवी व आठवी सेतू आणि लंबमज्जा यांच्या सीमेवरून, नववी, दहावी व बारावी लंबमज्जेतून. अकराव्या तंत्रिकेचा मुख्य भाग मात्र मानेतील मेरुरज्जूतून वर चढतो, कवटीत शिरतो आणि पुन्हा बाहेर पडतो.

कार्याच्या दृष्टीने या तंत्रिकांचे तीन प्रकार होतात. पहिली, दुसरी व आठवी या संवेदी होत. त्या अनुक्रमे गंध, दृष्टी आणि श्रवण व तोल यांची वार्ता आत नेतात. तिसरी, चौथी, सहावी, अकरावी व बारावी या प्रामुख्याने प्रेरक, म्हणजे स्नायूंना आज्ञा पोचविणाऱ्या आहेत. यांतील पहिल्या तीन डोळ्यांच्या हालचालींसाठी आहेत, अकरावी मान व खांद्यासाठी आणि बारावी जिभेसाठी. पाचवी, सातवी, नववी व दहावी या मिश्र आहेत; त्या वार्ता आत आणतात आणि आज्ञाही बाहेर नेतात.

मिश्र तंत्रिका चारच का, आणि उच्चाराचा बराचसा भार त्यांच्यावरच का, याचे कारण गर्भाच्या वाढीत सापडते. माशांमध्ये ज्यांपासून कल्ले घडतात, त्या कमानींचे प्रतिरूप मानवी गर्भातही काही काळ दिसते. पाचवी तंत्रिका पहिल्या कमानीची, सातवी दुसरीची, नववी तिसरीची आणि दहावी त्यामागील कमानींची. चावणे, गिळणे व श्वास घेणे यांसाठी जी सामग्री तयार झाली, तीच पुढे बोलण्याच्या कामी आली. एडवर्ड सपीर याने १९२१ सालच्या आपल्या ग्रंथात, वाणी हे इतर कामांसाठी घडलेल्या अवयवांवर चढविलेले दुय्यम कार्य आहे, असे प्रतिपादन केले होते. तंत्रिकांचा नकाशा या विधानाला दुजोरा देतो.

२. करणांची वाटणी

उच्चाराच्या चालनेत पाच तंत्रिका भाग घेतात. पाचवी, म्हणजे त्रिशाखी तंत्रिका, जबडा उचलते व सरकविते. सातवी आनन तंत्रिका ओठ व गाल यांना चालना देते. नववी जिव्हाग्रसनी तंत्रिका एकाच लहान स्नायूला आज्ञा देते; तो गिळताना व बोलताना ग्रसनी वर खेचतो. दहावी प्राणेशा, म्हणजे व्हेगस, मृदुताल, ग्रसनी व स्वरयंत्र यांचे नियमन करते. बारावी अधोजिव्हा तंत्रिका जिभेचे जवळजवळ सर्व स्नायू चालविते. जीभ आणि मृदुताल यांना जोडणारा एकच स्नायू तिच्या कक्षेबाहेर असून तो दहावीच्या ताब्यात आहे. यांशिवाय बोलण्याला जो श्वास लागतो त्याची चालना मानेतील व छातीतील मेरुतंत्रिकांकडे आहे; परंतु त्या मस्तिष्क तंत्रिकांत मोडत नाहीत.

ही वाटणी वर्णमालेच्या तक्त्यावर ठेवून पाहावी. क, च, ट व त हे चार वर्ग स्थानाने भिन्न आहेत. पण त्या चौघांचे करण जीभच आहे, आणि म्हणून ते चारही बाराव्या तंत्रिकेच्या अधीन आहेत. प वर्ग एकटा सातवीच्या वाट्याला येतो. मराठीत 'जग' हा शब्द दुनिया या अर्थी एका तऱ्हेने आणि 'जगणे' या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप म्हणून दुसऱ्या तऱ्हेने उच्चारला जातो. 'वेल' आणि 'वेळ' यांत ल व ळ यांचा भेद आहे. हे सर्व भेद त्या एकाच तंत्रिकेच्या आज्ञांच्या सूक्ष्म प्रमाणभेदावर उभे आहेत.

याउलट, प्रत्येक वर्गातील उभे स्तंभ, म्हणजे घोष-अघोष, अल्पप्राण-महाप्राण आणि अनुनासिक हे भेद, पाचही वर्गांत समान असतात. त्यांचे कारण हे की ते दहाव्या तंत्रिकेच्या शाखांवर अवलंबून आहेत आणि ती तंत्रिका जिभेचे वा ओठांचे काम कोठे चालले आहे याची पर्वा न करता आपले काम करते. वर्णमालेच्या तक्त्यातील आडव्या ओळी मुख्यतः सातवी व बारावी यांच्या, तर उभे स्तंभ दहावीचे, असे ढोबळ मानाने म्हणता येईल. स्थान-करण आणि बाह्य प्रयत्न असे दोन स्वतंत्र विभाग प्राचीन वैयाकरणांनी कानाने व निरीक्षणाने केले. शरीररचनेत त्यांना असा आधार आहे.

रुग्णाची तपासणी करताना 'प प प', 'त त त', 'क क क' आणि शेवटी 'प-त-क' ही मालिका शक्य तितक्या वेगाने म्हणवून घेण्याची पद्धत जगभर रूढ आहे. पहिल्या अक्षराने ओठांची, दुसऱ्याने जिभेच्या टोकाची व तिसऱ्याने जिभेच्या मागील भागाची परीक्षा होते. आणि तिन्ही अक्षरे स्वच्छ उमटण्यासाठी मृदुतालाने नाकाची वाट बंद ठेवावी लागते. तीन अक्षरांत तीन तंत्रिका तपासल्या जातात.

३. बिघाडाची साक्ष

सातवी तंत्रिका एका बाजूस लुळी पडली तर ओठांचा तो कोपरा नीट मिटत नाही. प, ब, भ म्हणताना तेथून हवा निसटते. त, ट, क मात्र शाबूत राहतात. बारावी निकामी झाली तर चित्र नेमके उलटे होते. ओष्ठ्य वर्ण सुटे ऐकू येतात आणि उरलेले चारही वर्ग एकमेकांत मिसळू लागतात. दोष एकाच बाजूचा असेल तर बाहेर काढलेली जीभ त्या दुर्बळ बाजूकडे वळते. उच्चार मात्र दुसऱ्या बाजूच्या बळावर बऱ्याच अंशी निभावतो. दोन्ही बाजू गेल्या तर बोलणे जवळजवळ अगम्य होते.

दहावीच्या मृदुतालाकडे जाणाऱ्या शाखांचा दोष सर्वांत बोधप्रद आहे. मृदुताल वर उचलला जात नाही, नाकाची वाट उघडी राहते आणि मौखिक स्पर्श अनुनासिकाकडे झुकतात. 'बाबा' हा शब्द 'मामा'सारखा व 'दार' हा 'नार'सारखा ऐकू येतो. प, त, क यांना लागणारा हवेचा दाब साठत नाही आणि स, श हे उष्मवर्ण क्षीण होतात. म आणि न यांना मात्र काहीच इजा पोचत नाही. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. म हा वर्ण म्हणजे ब मध्ये नासिक्याची भर, असे आपण समजतो. परंतु मृदुतालाच्या दृष्टीने खरे श्रम ब साठी पडतात. विश्रांतीच्या अवस्थेत नाकाची वाट श्वासासाठी उघडीच असते, ती मिटविणे हेच काम होय. नासिकेचे विवर उघडल्याने अनुनासिकता येते, असे तैत्तिरीय प्रातिशाख्यात म्हटले आहे. तेथे 'उघडणे' हा शब्द योजिला आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे.

या लक्षणाचे व्यावहारिक मोलही मोठे आहे. घटसर्पानंतर कधी कधी मृदुताल लुळा पडतो, बोलणे नाकात येते आणि प्यालेले पाणी नाकावाटे परत येते. काही रोगांत बोलण्याच्या आरंभी उच्चार शुद्ध असतो आणि संभाषण लांबत जाईल तसतसा तो नाकात शिरतो. तेथे दोष तंत्रिकेत नसून तंत्रिका व स्नायू यांच्या संधीत असतो. उच्चार केव्हा बिघडतो, कोणत्या वर्णापासून बिघडतो व कोणता वर्ण शाबूत राहतो, हे काळजीपूर्वक टिपणारा कान येथे निदानाला साहाय्य करतो.

४. घोष आणि लांब वळसा

'व्हेगस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'भटकी' असा आहे. ही तंत्रिका मान व छाती ओलांडून पोटापर्यंत जाते. स्वरयंत्रासाठी ती दोन शाखा देते. वरच्या शाखेचा बाहेरील फाटा स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूकडे जातो. स्वराची उंची प्रामुख्याने त्यावर अवलंबून असते. 'तो आला.' आणि 'तो आला?' ही दोन वाक्ये शब्दांनी एकच आहेत. त्यांतील भेद या बारीक फाट्याच्या कामगिरीमुळे ऐकू येतो. स्वरयंत्राच्या उरलेल्या सर्व अंतःस्थ स्नायूंना, म्हणजे स्वरतंतू जवळ आणणाऱ्या व दूर नेणाऱ्या स्नायूंना, दुसरी शाखा चालना देते. तिला प्रत्यावर्ती, म्हणजे मागे वळणारी, असे म्हणतात.

हे नाव यथार्थ आहे. उजवी शाखा गळ्याच्या हाडाखालील रोहिणीला वळसा घालून परत वर येते. डावी तर छातीत उतरून महारोहिणीच्या कमानीखालून वळते आणि मग स्वरयंत्राकडे चढते. गर्भावस्थेत स्वरयंत्र व हृदय जवळजवळ असतात. पुढे मान लांबते, हृदय खाली सरकते आणि रक्तवाहिनीच्या फासात अडकलेली तंत्रिका ताणली जाते. जिराफामध्ये हा वळसा कित्येक मीटर लांबीचा होतो. गेलेनने रोममध्ये ओरडणाऱ्या डुकराच्या या तंत्रिका लोकांसमक्ष कापून त्याचा आवाज एकाएकी बंद पाडला होता आणि आवाजाचे मूळ हृदयात नसून मेंदूत आहे असे दाखवून दिले होते.

घोष-अघोष भेद या तंत्रिकेवर उभा आहे. कंठ संवृत असता नाद, विवृत असता श्वास आणि या दोहोंच्या मधल्या अवस्थेत हकार उत्पन्न होतो, असे तैत्तिरीय प्रातिशाख्य सांगते. घ, झ, ढ, ध, भ या चतुर्थ वर्णांत तोच हकार असतो, असेही त्यात नमूद आहे. 'काडी' व 'गाडी', 'बार' व 'भार' यांतील भेद ठेवण्यासाठी स्वरतंतूंमधील फट क्षणाक्षणाला कमीजास्त करावी लागते. एक स्वरतंतू लुळा पडला तर फट नीट मिटत नाही, आवाज घोगरा व हवेने भरलेला होतो. घोष-महाप्राण वर्णांचा भेद पाळणाऱ्या मराठीसारख्या भाषेत अल्पप्राण व महाप्राण यांची सीमा अशा वेळी पुसट होण्याचा संभव अधिक असतो.

प्रत्यावर्ती शाखा थायरॉइड ग्रंथीला लगटून जाते. म्हणून त्या ग्रंथीच्या शस्त्रक्रियेत तिला जपावे लागते. दोन्ही बाजूंच्या शाखा दुखावल्या तर प्रश्न आवाजापुरता राहात नाही. स्वरतंतू मध्याशी येऊन थबकतात आणि श्वासच कोंडतो. डाव्या शाखेच्या लांब वळशामुळे छातीतील विकारही प्रथम आवाजातून प्रकट होऊ शकतात. फुप्फुसातील गाठ वा महारोहिणीचा फुगवटा यांचे पहिले लक्षण कधी कधी खोकला वा वेदना नसून बसलेला आवाज हे असते. म्हणूनच तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिल्यास स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी, असे वैद्यकशास्त्र सांगते. शिक्षक व गायक हे अशा आवाजाचे खापर बहुधा अतिश्रमावर फोडतात. पुष्कळदा ते खरेही असते, पण नेहमीच नसते.

५. आत येणारी वार्ता

उच्चार म्हणजे केवळ आज्ञांचा प्रवाह नव्हे. जिभेच्या पुढील दोन तृतीयांश भागाचे स्पर्शज्ञान पाचवीकडे व रुचिज्ञान सातवीकडे आहे. मागील तृतीयांशाची दोन्ही ज्ञाने नववीकडे आहेत. खालचा दात काढण्यापूर्वी दंतवैद्य सुई टोचून ओठ व जीभ बधिर करतो, तेव्हा स्नायूंची शक्ती जात नाही. तरीही बोलणे काही काळ जड होते. करण कोठे आहे याची वार्ता न मिळाल्यास करण चुकते. आठवी तंत्रिका याहून व्यापक वार्ता आणते. जन्मतः बहिऱ्या मुलाची सर्व प्रेरक व्यवस्था निर्दोष असूनही विशेष शिक्षणावाचून त्याला बोलभाषा येत नाही. आपण स्वतः बोलू लागण्याच्या क्षणाआधीच सातव्या तंत्रिकेच्या आज्ञेने मध्यकर्णातील एक अतिलहान स्नायू आकुंचन पावतो व स्वतःच्या आवाजाचा आघात सौम्य करतो. बोलणे व ऐकणे यांची सांगड येथे एका तंत्रिकेतच घातलेली आढळते.

६. वाणी गेली, भाषा राहिली

तंत्रिकांच्या वर, प्रमस्तिष्काच्या बाह्यकात, या सर्वांना आज्ञा देणारी केंद्रे आहेत. पॉल ब्रोका याने १८६१ साली पॅरिसमध्ये ज्या रुग्णाचे वर्णन केले, त्याला 'टां' एवढ्या एका अक्षरापलीकडे बोलता येत नव्हते. पण त्याची जीभ व ओठ हलत होते. तेथे तंत्रिका शाबूत होत्या आणि भाषेची योजना करणारा भाग नष्ट झाला होता. याच्या नेमकी उलट अवस्था मस्तिष्कस्तंभातील विकारात दिसते. तेथे योजना पूर्ण असते, तिला बाहेर पडण्याची वाट नसते. पहिल्या अवस्थेला वाचाघात म्हणतात. दुसरी हा शुद्ध उच्चारदोष होय. दुसऱ्या अवस्थेतील माणसाचा हात चालत असेल तर तो लिहून सर्व काही सांगू शकतो. त्याचे व्याकरण, शब्दसंग्रह व विचार अबाधित असतात. ऐकणाऱ्यास मात्र बोबडे शब्द ऐकून त्याची बुद्धीही मंदावली असे वाटते आणि घरातील माणसे त्याच्याशी लहान मुलाशी बोलावे तसे बोलू लागतात. भाषा आणि वाणी यांतील जो भेद वर्गात पहिल्या पाठात शिकविला जातो, तो येथे एका माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होतो.

फ्रेंच संपादक झां-दोमिनिक बोबी याचे उदाहरण या संदर्भात विचारात घेण्यासारखे आहे. डिसेंबर १९९५ मध्ये मस्तिष्कस्तंभातील आघातामुळे त्याचे जवळजवळ सर्व शरीर लुळे पडले. ओठ, जीभ व स्वरयंत्र गेले. उरली ती डाव्या डोळ्याची पापणी. पापणी उचलण्याचे काम तिसऱ्या तंत्रिकेचे आहे. तिचा उगम आघाताच्या जागेहून वर, मध्यमस्तिष्कात असतो. साहाय्यक स्त्री फ्रेंच अक्षरे वापराच्या वारंवारतेच्या क्रमाने म्हणत जाई आणि हवे ते अक्षर आले की बोबी पापणी मिटे. अशा रीतीने त्याने एक संपूर्ण पुस्तक सांगितले. ते मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर काही दिवसांतच तो निवर्तला. बोलण्याच्या पाचही तंत्रिका बंद असता, बोलण्याशी कधीही संबंध नसलेल्या एका तंत्रिकेवाटे भाषा बाहेर पडली.

मराठी भाषकावर असा प्रसंग आला तर कोणता क्रम योजावा, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. २५ वर्गीय व्यंजने ओळीने म्हणत गेल्यास शेवटच्या अक्षरासाठी २५ वेळा थांबावे लागेल. प्रथम वर्ग विचारून मग त्यातील वर्ण विचारला तर अधिकात अधिक १० प्रश्नांत काम होते. अंतःस्थ, उष्मवर्ण, स्वरचिन्हे व जोडाक्षरे यांसाठी वेगळी सोय करावी लागेल आणि मराठीतील अक्षरांच्या वारंवारतेचाही त्यात उपयोग करावा लागेल. करणांच्या निरीक्षणातून ज्यांनी हा तक्ता आखला, त्यांच्यापुढे असा उपयोग नव्हता. तथापि ज्याची सर्व करणे मुकी झाली आहेत, त्यालाही त्याच तक्त्याच्या आधारे आपल्या भाषेत बोलता येणे शक्य आहे. असा तक्ता रुग्णाच्या उशाशी ठेवण्याजोगा नेटका करून देणे, हे ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकाला सहज साधण्यासारखे काम आहे.